हॉलमध्ये साउंड सिस्टिमसाठी जादा प्लग पॉइंट काढायचेत (आणि ती घूं घूं)

एलपीवाला | मंगळवार, रात्री १०:४२

नमस्कार मंडळी. कोथरूडला १९९१ सालच्या इमारतीत राहतो. वडिलांच्या एलपी, बहुतेक नाट्यसंगीत आणि ख्याल, कित्येक वर्षं माळ्यावर पडून होत्या. गेल्या दिवाळीत टर्नटेबल घेतलं. मग अ‍ॅम्प्लिफायर आला. तो पासोड्या विठोबाजवळ एका कारागिराने जुळवून दिलाय: लोखंडी पेटी, आत भला मोठा गोल ट्रान्सफॉर्मर, तीन पिनांची वायर. मग दोन स्पीकर, आणि हौसेला मोल नसतं म्हणून सबवूफर.

अडचण अशी की टीव्हीमागे बोर्ड एकच, त्यात सॉकेट एकच. त्यात एक्स्टेन्शन बोर्ड, त्या बोर्डात दुसरा एक्स्टेन्शन बोर्ड. टीव्ही, सेटटॉप बॉक्स, वायफाय, अ‍ॅम्प, टर्नटेबल, दोन चार्जर. बायकोने त्याला 'वडाचं झाड' असं नाव ठेवलंय. सबवूफर समोर सोफ्यामागे, त्याला करंट बेडरूमच्या भिंतीवरच्या बोर्डातून.

नवीन पॉइंट काढायचे तर जुन्या बोर्डातूनच लूप मारून (त्याच वायरी पुढे जोडून) घ्यावेत की डीबीपासून (घराच्या मुख्य वीजपेटीपासून) वेगळी लाइन आणावी? वायरमन म्हणतो, "कशाला भिंत फोडता साहेब, अर्ध्या तासात लूप मारून देतो." आणि दुसरं, सिस्टिम सुरू केली की एक बारीक घूं येते. बाबा म्हणाले, "तानपुरा छान लागलाय." त्यांना वाटलं रेकॉर्डमध्येच आहे.

---

सोनेरी_कान | मंगळवार, रात्री ११:०५

अभिनंदन, योग्य मार्गाला लागलात! आता माघार नाही. सरळ डेडिकेटेड (फक्त सिस्टिमसाठी वेगळी) लाइन घ्या, ६ स्क्वेअरची (म्हणजे ६ चौरस मिलिमीटर जाडीची). सॉकेट हॉस्पिटल ग्रेड, संपर्कावर ऱ्होडियमचा मुलामा असलेलं. पॉवर कॉर्ड कंपनीची फेकून द्या. माझ्याकडे कॉर्ड बदलल्यावर पखवाजाची थाप जमिनीवर उतरली.

---

कोथिंबीरवडी | मंगळवार, रात्री ११:२०

@सोनेरी_कान, रोहित्रापासून तुमच्या इमारतीपर्यंत अ‍ॅल्युमिनियमची केबल आलीये, तिने पावसाळे बघितलेत, वाटेत घुशी भेटल्यात. मग शेवटच्या दीड मीटरला दागिने घालून काय होणार?

एलपीवाला, वडाच्या झाडाचा फोटो टाका ना.

---

टेस्टर_खिशात | बुधवार, सकाळी ७:१५

सव्वीस वर्षं हेच काम करतोय, म्हणून थोडं सविस्तर लिहितो.

आधी लोड. आपल्याकडची छोटी तीन पिन ६ अँपिअरची, म्हणजे २३० व्होल्टला १३८० वॅट. तुमच्या अ‍ॅम्पवर मागे ४०० वॅट लिहिलं असलं तरी घरात ऐकण्याच्या आवाजाला तो त्याच्या पाव हिश्श्यानेही खात नसेल. टीव्ही शंभर-दीडशे, सबवूफर सरासरी त्याहून कमी, बाकी चिल्लर. सगळं मिळून एका इस्त्रीएवढंही होत नाही. म्हणजे ६ स्क्वेअरची वायर नको. २.५ स्क्वेअर तांबं, एफआर (सहज पेट न घेणारं) इन्सुलेशन, फेज-न्यूट्रल-अर्थ तिन्ही वायरी नव्या. झालं. ४ स्क्वेअर एसीला लागते, गाण्याला नाही.

वडाचं झाड धोक्याचं आहे ते लोडमुळे नाही, सैल जोडामुळे. स्वस्तातल्या एक्स्टेन्शनला कुठलीही पिन बसते, म्हणजे कुठलीच घट्ट बसत नाही. दुसऱ्या बोर्डाची पिन पहिल्यातून काढून हात लावून बघा. कोमट लागली तर आजच मोडीत काढा.

लूप की वेगळी लाइन? वेगळी, पण सोनेरी_कान म्हणतात त्या कारणासाठी नाही. अ‍ॅम्प, टर्नटेबल, टीव्ही, सबवूफर असं जे जे काही सिग्नलच्या वायरीने एकमेकांना जोडलेलं आहे, ते सगळं एकाच लाइनवर आणि एकाच अर्थवर पाहिजे. तुमचा सबवूफर बेडरूमच्या लाइनवर आहे. अ‍ॅम्पचा अर्थ एका वाटेने डीबीत जातो, सबवूफरचा दुसऱ्या वाटेने, आणि दोन्ही पेट्यांना जोडणारी तिसरी वाट म्हणजे तुमची आरसीए केबलची (सिग्नलच्या वायरीची) जाळी. झालं कडं पूर्ण. त्या कड्यात जो काही करंट फिरतो तो आवाजात मिसळतो. घूं तिथूनच येत असेल असा माझा अंदाज, पण भिंत फोडण्याआधी खात्री करा:

सबवूफरची फक्त सिग्नलची वायर काढा, पिन राहू द्या. घूं गेली का?
सेटटॉपची मागची गोल वायर (छत्रीकडून येणारी) काढून बघा.
अ‍ॅम्प टर्नटेबलच्या इनपुटवरून दुसऱ्या, रिकाम्या इनपुटवर न्या. घूं फक्त टर्नटेबललाच आहे की सगळीकडे?
टर्नटेबलमागून एक बारीक सुटी वायर येते, टोकाला चिमटा असलेली. ती अ‍ॅम्पच्या जीएनडी स्क्रूला लावलीये ना?

मल्टिमीटर असेल तर प्रत्येक बोर्डात न्यूट्रल आणि अर्थमध्ये किती व्होल्ट येतात तेही सांगा. मीटर एसी व्होल्टवर ठेवा, हात कोरडे, पायात चप्पल. जमत नसेल तर वायरमनकडून करून घ्या, लाज बाळगू नका.

---

बिनधास्त_बंड्या | बुधवार, सकाळी ९:०२

प्रकाटाआ (प्रतिसाद काढून टाकला आहे)

---

टेस्टर_खिशात | बुधवार, सकाळी ९:३०

@बिनधास्त_बंड्या, प्रतिसाद काढलात ते बरं केलंत, पण अनेकांनी वाचला असेल म्हणून लिहितो. अर्थची जाड पिन काढून टाकली की घूं बंद होते, हे खरं आहे. कडं तुटतं. पण लोखंडी पेटीच्या अ‍ॅम्पमध्ये आत फेजची वायर कधी सुटून पेटीला लागली तर त्या करंटला जायला आता पिन नाही. मग जो आवाज कमी करायला हात लावेल तो त्याची वाट होतो.

ज्या यंत्रांना मुळातच दोन पिना असतात, मागे चौकोनात चौकोन अशी खूण असते, त्यांची गोष्ट वेगळी. त्यांचं इन्सुलेशन दुहेरी असतं. बाजारातले बरेचसे होम थिएटरचे अ‍ॅम्प तसेच येतात. एलपीवाल्यांचा तसा नाही.

---

एडिसनकर | बुधवार, सकाळी ९:४८

न्यू जर्सीहून. तुमचे पॉइंटांचे हाल वाचून पुण्याचं घर आठवलं. इथे कोडच असा आहे की हॉलच्या भिंतीवरची कुठलीही जागा सॉकेटपासून सहा फुटांहून लांब नको, म्हणून दर बारा फुटांत एक तरी सॉकेट सापडतंच. पण व्होल्ट १२० आणि सर्किट १५ किंवा २० अँपिअरचं, त्यामुळे हीटर आणि व्हॅक्यूम क्लीनर एकत्र लावले की बटण खाली.

बाबांच्या तानपुऱ्याबद्दल: ते फारसे चुकलेले नाहीत! आपल्याकडची वीज ५० हर्ट्झ, आणि पांढरी पाचचा खालचा सूर ४९ हर्ट्झ. त्याच्या दुप्पट, १००, तोही पांढरी पाचच्याच जवळ, किंचित चढा. म्हणजे पांढरी पाचात गाणाऱ्या बाईंची रेकॉर्ड असेल तर घूं जवळजवळ षड्जात लागते. इकडे ६० हर्ट्झ. काळी पाच आणि पांढरी सातच्या बरोब्बर मधोमध. अमेरिकेतली घूं कुठल्याच पट्टीत बसत नाही.

---

कोथिंबीरवडी | बुधवार, सकाळी १०:१०

@एडिसनकर, दंडवत.

---

एलपीवाला | गुरुवार, रात्री ९:५५

ऑफिसातून मल्टिमीटर आणला. निकाल असे:

सबवूफरची सिग्नल वायर काढली की घूं जवळजवळ गायब. छत्रीची वायर काढून काही फरक नाही. इनपुट बदलूनही फरक नाही. टर्नटेबलची चिमट्याची वायर लावलेली होती.

न्यूट्रल-अर्थ व्होल्टेज: बेडरूमच्या बोर्डात ०.३. टीव्हीमागच्या बोर्डात चक्क ०.०! म्हणजे टीव्हीमागचं अर्थिंग एकदम उत्तम दिसतंय. मग बिघाड बेडरूमच्या बाजूला समजायचा का? सबवूफर टीव्हीच्या बोर्डावर आणला की काम झालं?

आणखी एक. आज सौ. हॉलमध्ये त्याच बोर्डावर इस्त्री करत होत्या तेव्हा घूं वाढली. इस्त्रीचा दिवा गेला की कमी, दिवा लागला की जास्त.

---

टेस्टर_खिशात | गुरुवार, रात्री १०:२०

शून्य आलं म्हणून खूश होऊ नका. माझ्या पोटात तिथेच गोळा आला.

खरा अर्थ असला की न्यूट्रलशी त्याचा थोडा तरी फरक दिसतो, कारण न्यूट्रलमधून करंट वाहतो, अर्थमधून वाहत नाही. लोड वाढला की फरक वाढला पाहिजे. इस्त्री चालू ठेवून परत मोजा. तेव्हाही ०.० आलं, तर बोर्डाच्या आत काहीतरी आहे. आणि एक लांब वायर घेऊन टीव्हीच्या बोर्डाचा अर्थ आणि बेडरूमच्या बोर्डाचा अर्थ, या दोघांमध्ये किती येतात ते बघा. इस्त्री बंद असताना आणि चालू असताना, दोन्ही.

---

एलपीवाला | गुरुवार, रात्री ११:३१

इस्त्री चालू असतानाही टीव्हीच्या बोर्डात ०.०.
दोन बोर्डांच्या अर्थमध्ये: इस्त्री बंद ०.२, चालू ०.९.

(सौ. विचारतायत की रात्री साडेअकराला रिकामी इस्त्री का तापवतोय.)

---

टेस्टर_खिशात | शुक्रवार, सकाळी ६:५०

मग सापडलं. मेन बंद करून वायरमनकडून बोर्ड उघडा. सॉकेटच्या मागे न्यूट्रलच्या स्क्रूपासून अर्थच्या स्क्रूपर्यंत तीन-चार इंचांचा काळ्या वायरीचा तुकडा सापडेल. पैज लावतो.

त्या काळी बऱ्याच इमारतींत पॉवर पॉइंटलाच अर्थ द्यायचे, दिव्यांच्या बोर्डांना द्यायचेच नाहीत. नंतर कुणीतरी टीव्हीला तीन पिनी सॉकेट बसवलं, अर्थची वायर नव्हती, तर न्यूट्रललाच जोडून मोकळा झाला. टेस्टरवाला मीटर लावतो, फेज-अर्थ २३०, न्यूट्रल-अर्थ शून्य, सगळं झकास!

हिशोब करा. १.५ स्क्वेअरच्या तांब्याच्या वायरीचा रोध किलोमीटरला साधारण १२ ओहम. डीबीपासून बारा मीटर वायर धरली तर ०.१४-०.१५ ओहम. हजार वॅटची इस्त्री सव्वाचार अँपिअर ओढते, म्हणजे न्यूट्रलवर ०.६ व्होल्ट पडतात. बंद असताना ०.२, चालू असताना ०.९, म्हणजे वाढ ०.७. उरलेली कसर कुठल्यातरी सैल जोडाची. हे सगळे व्होल्ट तुमच्या अ‍ॅम्पच्या पेटीवर येतायत आणि सबवूफरच्या खऱ्या अर्थकडे जायला आरसीएची जाळी वापरतायत. इस्त्रीच्या दिव्याबरोबर घूं का वर-खाली होते ते कळलं ना?

घूं सोडा. डीबीपासून बोर्डापर्यंतची न्यूट्रल कुठे सैल होऊन सुटली, तर त्या तुकड्यातून इस्त्रीच्या तळापासून अ‍ॅम्पच्या पेटीपर्यंत सगळ्या धातूवर पूर्ण २३० व्होल्ट येतील. टीव्ही बंद पडला म्हणून तुम्ही मागे हात घालाल, आणि नेमका तिथेच करंट असेल. आजपासून त्या बोर्डावर इस्त्री नको.

---

एडिसनकर | शुक्रवार, सकाळी ७:३५

इथेही जुन्या घरांत ही खोडी सर्रास सापडते. तीन दिव्यांचा एक स्वस्त टेस्टर मिळतो, सॉकेटमध्ये खुपसला की 'ठीक' सांगतो. या तुकड्याला तोही फसतो.

---

चिरेबंदी | शुक्रवार, दुपारी १:१५

म्हापशाहून. आमच्याकडे कारण वेगळं निघालं म्हणून लिहिते. छत्री बाल्कनीच्या लोखंडी जाळीला बांधलेली आणि तिची गोल वायर हेच कडं. केबल टीव्हीसाठी त्या वायरीत घालायचा आयसोलेटर मिळतो, पण छत्रीला साधा चालत नाही. छत्रीच्या टोकाच्या डबीला लागणारा डीसी करंट बॉक्सकडून त्याच वायरीतून वर जातो, आयसोलेटर तो अडवतो आणि चित्रच जातं. आम्ही टीव्हीपासून अ‍ॅम्पपर्यंत ऑप्टिकल वायर टाकली. तीत फक्त प्रकाश जातो, तांब्याचा संबंध नाही, घूं तिथेच तुटली. साधा ५.१ आवाज व्यवस्थित येतो. ब्ल्यू-रेवरचे भारीतले फॉरमॅट त्यातून जात नाहीत, पण माझे सासरे बातम्याच ऐकतात.

आणि अर्थिंगच्या खड्ड्यात मार्च ते मे पाणी घालत जा. आमच्या चिऱ्याच्या जमिनीत तर घालावंच लागतं.

---

एलपीवाला | शनिवार, दुपारी ४:०८

पैज जिंकलात.

तुकडा काळा नव्हता, लाल होता, एवढाच फरक. स्क्रूपाशी इन्सुलेशन तपकिरी होऊन कडक झालेलं, बोटाने दाबलं तर कुडकुडून पडलं. वायरमन काका स्वतःच म्हणाले, "हे आमच्यातल्याच कुणाचं तरी काम." मग लूप मारून देण्याची गोष्ट त्यांनी परत काढली नाही.

आता वेगळी लाइनच टाकतोय. काही प्रश्न. सोफ्यामागच्या कोपऱ्यापर्यंत जाताना मध्ये दाराच्या वर बीम येतो, तिथे झिरी (वायरीसाठी खाच) मारायची का? एमसीबी (जादा करंटला उडणारं बटण) किती अँपिअरचा? बोर्ड केवढे?

---

टेस्टर_खिशात | शनिवार, संध्याकाळी ६:४०

बीमला आणि कॉलमला कटर लावायचा नाही. सळीवरचं काँक्रीट हे तिचं पांघरूण आहे, ते काढलं की गंज. तिथे वरून पट्टी फिटिंग करा, रंग मारला की कोणी बघत नाही. चार इंची भिंतीत आडवी लांब झिरीही टाळा, उभी चालते.

६ अँपिअरची सॉकेट असल्यामुळे एमसीबी १० चा, सी प्रकारचा. बी प्रकारचा तीन-पाच पटीला उडतो, सी पाच-दहा पटीला. तुमच्या गोल ट्रान्सफॉर्मरचा अ‍ॅम्प बटण दाबताक्षणी मोठा घोट घेतो, त्याला बी एमसीबी अधूनमधून उडेल आणि तुम्ही मला शिव्या द्याल.

बोर्ड टीव्हीच्या भिंतीवर १२ मॉड्यूलचे दोन घ्या. एकात चार सॉकेट, चार स्विच बरोब्बर बसतात. दोनच कशाला, असं आता वाटेल, सहा महिन्यांनी वाटणार नाही. सबवूफरपाशी ४ मॉड्यूलचा एक, याच लाइनवरून. कपाटामागे बोर्ड बसवणार असाल तर पाठीच्या प्लायला आधी भोक पाडून घ्या, आणि फरशी पुसण्याच्या उंचीत बोर्ड नको. स्पीकरच्या आणि सिग्नलच्या वायरींना वेगळा पाइप, विजेच्या पाइपात कोंबू नका. एचडीएमआय कधी टाकायची असेल तर तो २५ मिलिमीटरचा ठेवा, नाहीतर तिचं डोकं जात नाही.

आणि डीबीत आरसीसीबी (करंट बाहेर गळला की लाइन तोडणारं बटण) नसेल, १९९१ ची इमारत म्हणजे नसणारच, तर ३० मिलिअँपिअरचा बसवून घ्या. या सगळ्या यादीत एकच वस्तू घ्यायची ऐपत असेल तर ती हीच.

---

सोनेरी_कान | शनिवार, रात्री ८:००

शेवटी डेडिकेटेड लाइनच ना? मी पहिल्या प्रतिसादात सांगितलं होतं.

---

कोथिंबीरवडी | शनिवार, रात्री ८:०४

ऱ्होडियम राहिलं.

---

एलपीवाला | पुढच्या रविवारी, रात्री १०:१७

काम झालं. दोन दिवस घरभर सिमेंटची धूळ, टर्नटेबल चादरीत गुंडाळून बाथरूममध्ये. सामान आणि मजुरी मिळून साडेतेरा हजार, आरसीसीबी धरून.

गंमत ऐका. आरसीसीबी बसवला आणि तो टिकेचना. वर केला की खाली. वायरमन काकांनी नवी लाइन सोडवली, तरी उडतोय. मग एकेक जुना एमसीबी बंद करत गेलो. बाल्कनीतली वॉशिंग मशीनची लाइन बंद केली की टिकतो. तो बोर्ड उघडला, तर आत तसाच दुसरा तुकडा. गेली कित्येक वर्षं आई ओल्या हाताने ते मशीन लावतेय. मी बराच वेळ त्या बोर्डासमोर नुसता उभा होतो. आता डीबीपासून तिथेही खरी अर्थ वायर ओढून घेतली.

घूं: सबवूफरची पूर्ण गेली. टर्नटेबलवर आवाज खूप वर नेला तर किंचित ऐकू येते, कारण टर्नटेबल अ‍ॅम्पच्या ट्रान्सफॉर्मरच्या अगदी शेजारी आहे. हातभर लांब नेलं की तीही जाते, पण कपाट तेवढं रुंद नाही.

बाबांना ऐकवलं. पाचेक मिनिटं डोळे मिटून बसले, मग म्हणाले, "तानपुरा कुठे गेला?"

---

चिरेबंदी | पुढच्या रविवारी, रात्री १०:४०

आताच उठून आमच्या वॉशिंग मशीनच्या बोर्डात मीटर लावून आले. ०.४, आणि मशीन चालू केल्यावर १.१. झोपते आता.

---

बिनधास्त_बंड्या | सोमवार, सकाळी ८:२२

नवीन पिनटॉप आणलाय. तीन पिनांचा. वायरमनचा नंबर व्यनि (व्यक्तिगत निरोप) करता का? मीही कोथरूडलाच, डहाणूकर कॉलनीत.

---

एलपीवाला | सोमवार, सकाळी ८:५०

केला. शनिवार-रविवार ते येत नाहीत, आणि आल्या आल्या "लूप मारू का" विचारतील. नाही म्हणा.